पाऊणपट

तिथीची पाऊणपट करायची,
येईल तितक्या वाजता भरती.
चतुर्थी, तीन. अष्टमी, सहा; पण अष्टमीला भांग,
पाणी येतं ते चपला हातात घेऊन आल्यासारखं.

एवढं गणित माझ्या थोरल्या काकांना येत होतं,
काथोड हिरू मढवी, शिळखारच्या उघाडीचे राखणदार.
शाळा दुसरीपर्यंत.
पगार, दर घरामागे पायलीभर राता,
तांबडा, जाडा, खारं पाणी सोसून पोसलेला.

उघाडी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं.
बांधाला मुद्दाम ठेवलेलं तोंड, त्याला सागाच्या पाच फळ्या.
ओहोटीला उचलायच्या, शेतातलं जास्तीचं गोडं पाणी खाडीत.
भरतीआधी बसवायच्या, फटींत चिखल आणि पेंढा.
डुलकी लागली तर तीन वर्षं त्या खाचरात
गवतसुद्धा उगवत नाही.
काका म्हणत,
"पान्याला आरवाचा नाय. त्याला येल द्याचा."

उधाणाला बांध फुटला की थाळी वाजायची,
आणि घरटी एक माणूस, घमेलं घेऊन.
एकदा पदू भोईर अंगावरच्या हळदीनिशी उतरला,
सकाळी बांधाचा तेवढा तुकडा पिवळा होता म्हणतात.
मला ते खरं वाटत नाही.
मी ते खोडूनही काढत नाही.

मग दगड आले, तेही पिवळे, नंबर घातलेले.
नोटीस देवळाच्या खांबाला चिकटवली भाताच्या खळीनं,
खळीच्या वासानं शेळीनं अर्धी खाल्ली.
उरलेल्या अर्ध्यात
"सार्वजनिक प्रयोजनासाठी" एवढं शाबूत होतं.

शेतांना नावं होती:
लांबटुकडा, कोलमटी, म्हशीची खोप,
आणि एक नुसतंच "रुसलेलं".
पैसे आले. लुना आली. दोन घरांत भिंतभर आरसा.
मोर्चे निघाले, माणसं तुरुंगात जाऊन आली,
त्यांची नावं चौकांना लागतील असं ठरलं,
काहींची लागली.

आणि पारसिकचा डोंगर डंपरमधून खाली उतरू लागला.
रात्रंदिवस मुरूम.
बांध कुणी फोडला नाही.
दोन्हीकडची जमीन त्याच्या उंचीची झाली, एवढंच,
आणि एका सकाळी तो कुठे संपतो ते सांगता येईना.
काकांनी फळ्या काढून डोक्यावरून घरी आणल्या.
चारांची खाट झाली.
पाचवी माझ्या बहिणीच्या पार्लरमध्ये,
वर शाम्पूच्या बाटल्या.
दमट दिवसांत अजून मीठ सोडते.

साडेबारा टक्क्यांची फाइल
काकांहून अकरा वर्षं जास्त जगली.
तिच्यातून निघाला एक प्लॉट, सात वारस,
एक बिल्डर, पाच मजले,
आणि तिसऱ्यावर मी, सोसायटीचा सेक्रेटरी.
हे लांबटुकड्यावर आहे की रुसलेल्यावर
ते सेक्टरच्या नकाशावरून कळत नाही.
गावठाण मागच्या खिडकीतून दिसतं,
एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या खोल्या,
प्रत्येक जिन्यावर वेगळी भाषा, वेगळी फोडणी.
भाडं वेळेवर येतं. खोटं कशाला बोलू,
मला शेती कधी येत नव्हती.

पिठोरी गेली. आज बीज.
चार दिवस पावसाचा थेंब नाही.
ग्रुपवर टाकलं, "रात्री दीड. बेसमेंटमधल्या गाड्या वर घ्या."
वेंकटरमण यांनी विचारलं, कुठलं ॲप?
कुणीतरी हसणारा चेहरा टाकला.
दहाच्या सुमारास मात्र
एकेक गाडी रॅम्प चढू लागली.

मी आणि वॉचमन लालमणी खाली उभे, टॉर्च घेऊन.
त्याचं गाव शरयूकाठी,
नदी वर कशी येते ते त्याला माहीत,
परत जाणारं पाणी त्यानं पाहिलेलं नाही.
दीड वाजला. काही नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.
एक बत्तीसला जाळीखाली बुडबुडे.

दोन मिनिटं उशीर.
पूर्वी एवढं वळण घेऊन
यावं लागत नव्हतं त्याला.